न्हाणीघरातील बॉयलर कोणाच्या देखरेखीखाली?

१८६३ साली कलकत्त्यात वाफेच्या एका बॉयलरचा स्फोट होऊन काही माणसे प्राणास मुकली आणि दुसऱ्याच वर्षी बंगाल प्रांताने बॉयलरांच्या तपासणीचा कायदा केला. पुढे अन्य प्रांतांनीही आपापले कायदे केले. त्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता, म्हणून १९२३ मध्ये साऱ्या देशासाठी एकच कायदा झाला. तो शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आणि २०२५ साली संसदेने त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा संमत केला. जुन्या कायद्यातील सातपैकी चार गंभीर अपराध तेवढे फौजदारी ठेवून बाकीच्यांसाठी केवळ दंड आकारण्याची तरतूद त्यात आहे. या बदलाची जी काही थोडीफार चर्चा झाली, ती कारखानदारांची सोय आणि कामगारांची सुरक्षितता यांच्याभोवती झाली. ते स्वाभाविकही होते. परंतु ज्या तत्त्वावर हा सारा डोलारा उभा आहे, त्या तत्त्वाकडे सामान्य नागरिकाने यानिमित्ताने पाहावयास हवे होते, ते मात्र घडले नाही.

हे तत्त्व तसे साधे आहे. बॉयलर चांगल्या कंपनीचा आहे, नवा आहे, काल सुरळीत चालला होता, एवढ्यावर तो आज सुरक्षित आहे असे मानता येत नाही. त्याची नोंदणी झाली पाहिजे, ठरावीक मुदतीने, साधारणतः दर बारा महिन्यांनी, जाणत्या व त्रयस्थ माणसाने तो तपासला पाहिजे, तसा दाखला दिला पाहिजे आणि दाखल्याची मुदत संपली की बॉयलर बंद राहिला पाहिजे. तो चालविणाराही परीक्षा उत्तीर्ण झालेला हवा. आपल्या राज्यात यासाठी बाष्पके संचालनालय नावाचे स्वतंत्र खाते आहे. 'बाष्पक' हा शब्द त्या कचेरीबाहेर कोणी वापरत असेल असे वाटत नाही. पण खाते काम करते.

आता कायद्याची व्याख्या पाहू. २५ लिटरांपेक्षा कमी क्षमतेचे भांडे, अगदी अल्प दाबावर चालणारे भांडे आणि ज्यात पाणी शंभर अंशांच्या आतच तापते असे भांडे, ही तिन्ही या व्याख्येतून वगळलेली आहेत. म्हणजे आपण ज्याला सर्रास 'बॉयलर' म्हणतो आणि जो आपल्या न्हाणीघरात छताखाली टांगलेला असतो, तो कायद्याच्या लेखी बॉयलरच नव्हे. हे वगळणे गैर आहे असे कोणीही म्हणणार नाही. प्रत्येक बिऱ्हाडात सरकारी निरीक्षकाने वर्षातून एकदा डोकावावे, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. प्रश्न निराळा आहे. कारखान्यातील बॉयलरकडे कोणी पाहावयाचे, हे कायद्याने ठरविले. घरातल्याकडे कोणी पाहावयाचे, हे कोणीच ठरविले नाही.

बंबाची शिस्त

आमच्या पिढीतील अनेकांनी तांब्याचा बंब पाहिला आहे, कित्येकांनी तो पेटविलाही आहे. मधोमध नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची जागा, वर नुसते टेकविलेले झाकण. या उपकरणाचा एक गुण आज ध्यानात येतो. त्याची देखभाल त्याच्या वापरातच गुंफलेली होती. आदल्या दिवशीची राख काढल्याखेरीज तो आज पेटतच नसे. नळीत काजळी साठली की तो धुरकटे आणि घरभर ठसका उठे. तोटी गळू लागली की न्हाणीघरातल्या फरशीवर ओघळ दिसे. बंब बाहेरून चिंचेने घासून लख्ख ठेवण्याची रीत निव्वळ हौसेची मानली जाई. पण रोज घासणाऱ्या हाताला चीर, पोचा, झिजलेला सांधा आपोआप सापडत असे. झाकण सैल असल्याने वाफ कोंडण्याचा प्रश्न नव्हता. आणि बंब बहुधा मागील दारी, पडवीत किंवा कौलारू न्हाणीघरात असल्यामुळे धुराला वाट होती. बंबात दोष नव्हते असे नाही. लाकूडफाटा, धूर, पहाटे उठण्याचा जाच आणि भाजण्याची भीती हे सारे होतेच, आणि त्याचा भार बहुतेक घरांत स्त्रियांवर पडे. तो गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. तथापि बिघडला की तो ओरडून सांगत असे, हेही खरे.

त्याच्या जागी आलेले उपकरण मुके आहे. पांढऱ्या शुभ्र पत्र्याआड काय चालले आहे ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून ते ठीक आहे असे आपण धरून चालतो. कळ दाबली की पाणी तापते. जोवर तापते तोवर त्याची आठवण होण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'देखभाल' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ 'दुरुस्ती' असाच झाला आहे.

हवेचा हिशेब

यातला सर्वांत गंभीर भाग गॅस गीझरचा आहे. विजेचे बिल वाचते, पाणी तत्काळ मिळते, किंमतही बेताची. म्हणून मध्यमवर्गीय घरांत, भाड्याच्या खोल्यांत आणि विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत त्याचा प्रसार झाला. हिवाळ्यात आणि विशेषतः धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत, बंद न्हाणीघरात कोणी गुदमरून मृत्युमुखी पडल्याची बातमी आतल्या पानावर येते. रंग निघेपर्यंत आंघोळ लांबते, पाणी सतत वाहते, ज्योत सतत जळते. बातमीत 'गॅसगळती' हा शब्द हमखास असतो आणि बहुतेक वेळा तोच चुकीचा असतो.

गळती झाली तर कळते. कारण स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो. येथे गॅस गळत नाही, तो जळतो; पण पुरेशा हवेअभावी अर्धवट जळतो, आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने जखडतो. प्रथम डोके जड होते, मळमळते, मग पायांतील बळ जाते. धोका उमगला तरी दाराची कडी काढण्याइतकी शक्ती उरलेली नसते.

थोडे गणित केले तर हे का घडते ते स्पष्ट होईल. सुमारे बारा किलोवॉट शक्तीचा गॅस गीझर दहा मिनिटांत अंदाजे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास पंधरा किलोंहून अधिक हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत सुमारे दोन घनमीटर हवेतील प्राणवायू खर्ची पडला. चार फूट रुंद, सात फूट लांब आणि नऊ फूट उंच अशा न्हाणीघरात एकूण हवाच जेमतेम सात घनमीटर असते. थंडीमुळे खिडकी लावलेली, काचेच्या पट्ट्यांवर वर्तमानपत्र चिकटविलेले, दाराखालच्या फटीत पायपुसणे सारलेले. अशा खोलीतला पाव हिश्श्याहून अधिक प्राणवायू दहा मिनिटांत संपतो. प्राणवायू घटू लागला की ज्योत बिघडते, आणि बिघडलेली ज्योत विष ओकू लागते. दुसरा माणूस पाठोपाठ आंघोळीस गेला तर तो त्याच हवेत जातो.

यात देखभालीचा संबंध कोठे येतो? बर्नरच्या बारीक छिद्रांत धूळ व कोळ्यांची जाळी साठतात. उष्णता पाण्याला देणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर काजळी धरते आणि जळलेल्या वायूंची वर जाण्याची वाट अरुंद होते. निळी ज्योत पिवळी होते. त्याच खोलीत, त्याच गीझरने, तितक्याच वेळात मग कितीतरी अधिक कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. दोन वर्षे काही झाले नाही, म्हणून तिसऱ्या वर्षीही होणार नाही, हा भरवसा यामुळेच फसवा आहे. उपकरण दर महिन्याला थोडे थोडे बदलत असते; आपली समजूत तेवढी पहिल्या दिवशीची असते.

मात्र येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गॅस गीझर न्हाणीघराच्या आत बसविला असेल, तर कितीही साफसफाई केली तरी तो निर्धोक होत नाही. तो मोकळ्या जागेत, गच्चीच्या सज्जात किंवा न्हाणीघराबाहेरील हवेशीर भिंतीवरच असावा, आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत यावी. देखभालीची गोष्ट त्यानंतरची.

डॉक्टरांपुढेही हा प्रश्न अवघड रूपात येतो. न्हाणीघरात बेशुद्ध सापडलेल्या, झटके आलेल्या तरुण मुलीला फेफरे ठरवून वर्षानुवर्षे औषधे दिली जावीत आणि खरा अपराधी भिंतीवर तसाच टांगलेला राहावा, असे घडू शकते. मेंदुविकारतज्ज्ञांनी अशा रुग्णांची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविली आहेत. बोटाला लावावयाचे साधे ऑक्सिमीटर प्राणवायूने भारलेले रक्त आणि कार्बन मोनॉक्साइडने भारलेले रक्त यांत भेद करू शकत नाही. ते आकडा उत्तमच दाखविते. रुग्णाला मोकळ्या हवेत आणले, प्राणवायू दिला, की काही तासांत रक्तातील पुरावाही नाहीसा होतो. तेव्हा 'न्हाणीघरात काय बसविले आहे?' हा प्रश्न नातेवाइकांनीच डॉक्टरांच्या कानावर घातला पाहिजे. राष्ट्रीय पातळीवर अपघाती मृत्यूंची जी वार्षिक आकडेवारी निघते, तीत गॅस गीझर नावाचा वेगळा रकाना नाही. ज्याची मोजदाद नाही त्याचे धोरण होत नाही, हा आपल्या प्रशासनाचा जुना अनुभव आहे.

थेंब का गळतो?

विजेच्या गीझरचे स्वरूप वेगळे आहे. त्यात हवेचा प्रश्न नाही. दाब, क्षार आणि वीज यांचा आहे. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांवर नेले की ते सुमारे पाव लिटरने फुगते. टाकी बंदिस्त असल्याने या वाढीव पाण्याला वाट हवी. ती सुरक्षा झडपेतून मिळते. म्हणून पाणी तापताना या झडपेतून काही थेंब पडणे हा पुष्कळदा बिघाड नसून काम चालू असल्याची खूण असते. आपल्याकडे होते काय? थेंब पडून भिंतीला ओल येते म्हणून घरमालक कुरकुरतो, नळकारागीर येतो आणि झडपेच्या तोंडाला बूच बसवून पाच मिनिटांत निघून जातो. गळती थांबली, सर्वांना समाधान. त्यानंतर पाण्याचे तापमान आवरणारा थर्मोस्टॅट ज्या दिवशी चिकटेल आणि त्याच्या मागचा दुसरा कटआउटही साथ देणार नाही, त्या दिवशी पाणी शंभर अंशांपलीकडे जाईल आणि त्याला बाहेर पडण्यास वाट नसेल. अशी टाकी फुटली की कोंडलेल्या पाण्याची क्षणार्धात वाफ होते, आणि साध्या दाबाखाली वाफ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. कारखान्यातील बॉयलरची सुरक्षा झडप बंद करून ठेवणे हा कायद्याने अपराध आहे. घरात तेच कृत्य दुरुस्ती म्हणून खपते आणि त्याचे पैसेही दिले जातात.

क्षारांचे दुखणे संथ आहे. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगर भागात आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरी उपनगरांत जड पाण्याचा पांढरा थर तापक नळीवर चढतो. नळी आतल्या आत जास्त तापते, वीज अधिक खाते आणि एक दिवस तडकते. तडकलेल्या नळीतून वीज पाण्यात उतरू शकते. घराचे अर्थिंग कागदावरच असेल, तर नळाला हात लावणाऱ्याचा जीव केवळ गळती-प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर अवलंबून राहतो. हा स्विच घरांत बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो आणि त्यावर तपासणीसाठी एक छोटी कळ दिलेली असते. ती कळ दाबून पाहिली आहे असे सांगणारा गृहस्थ क्वचित भेटतो. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो टाकीऐवजी स्वतः झिजतो. तो संपला की टाकी गंजू लागते. पाच-सात वर्षांत टाकी गळली की आपण कंपनीला दोष देतो, पण आत असा दांडा होता आणि तो बदलावयाचा होता, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

मालक कोण, वापरणारा कोण?

स्वतःच्या घरात राहणाऱ्याला निदान आपल्या निष्काळजीपणाचे धनी होता येते. भाड्याच्या घरात तेही नाही. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात चौघा विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या खोलीचा विचार करा. गीझर मालकाचा, त्याने तो आधीच्या भाडेकरूच्या वेळी, कदाचित त्याच्याही आधी बसविलेला. मुले अकरा महिन्यांसाठी आलेली. त्यांना त्याचे वय ठाऊक नाही. पाणी गरम येते तोवर मालकाला निरोप धाडण्याचे कारण नाही, आणि निरोप आला नाही म्हणजे सारे ठीक, असे मालक समजतो. बदलीच्या नोकरीवर तालुक्याच्या गावी आलेल्या शिक्षकाची किंवा कारकुनाची स्थिती याहून वेगळी नाही. दोघांपैकी कोणीही दुष्ट नसताना उपकरण बेवारस राहते.

ब्रिटनमध्ये नेमकी हीच फट कायद्याने बुजविली आहे. १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार घर भाड्याने देणाऱ्या मालकाने आपली गॅसची उपकरणे दर बारा महिन्यांनी तपासून घ्यावी लागतात आणि तपासणीच्या नोंदीची प्रत भाडेकरूला द्यावी लागते. तपासणारा माणूस अधिकृत नोंदवहीतील असावा लागतो. २००९ पासून ही नोंदवही 'गॅस सेफ रजिस्टर' या नावाने चालते. खोलीतील हवेवर जळणारे गॅसचे उपकरण न्हाणीघरात बसविण्यास याच नियमांनी मनाई आहे. इंग्लंडात २०२२ पासून भाड्याच्या घरातील ज्या खोलीत इंधनावर चालणारे तापक उपकरण आहे, तेथे कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटाही सक्तीची झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्वतःच्या घरात राहणाऱ्यावर तेथेही वार्षिक तपासणीची सक्ती नाही; त्याला केवळ सल्ला आहे. सक्ती तेथेच आहे, जेथे धोका एकाचा आणि मालकी दुसऱ्याची.

तेथील घरे थंडीत चोवीस तास तापवावी लागतात, आपले गीझर दिवसाकाठी अर्धा तास चालतात. म्हणून त्यांची उस्तवार येथे हवी कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण वर मांडलेला हवेचा हिशेब दहा मिनिटांचाच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नवे नियम म्हणजे नवे निरीक्षक, आणि नवे निरीक्षक म्हणजे चिरीमिरीचे नवे खाते. हे भय अनाठायी नाही. म्हणूनच नवे खाते न काढता, जे कागद आपण आजही भरतोच त्यांतच ही नोंद बसवावी, हे श्रेयस्कर.

असे कागद थोडे नाहीत. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींना आपली अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करावा लागतो. सर्व गृहनिर्माण संस्था तो वेळेवर देतात असे नव्हे, परंतु व्यवस्था आहे. त्याच वेळी सभासदांकडून गीझरचा प्रकार, तो कोठे बसविला आहे आणि शेवटची तपासणी केव्हा झाली, एवढी माहिती मागविण्यास संस्थेला कोणाची परवानगी लागत नाही. गॅसच्या वितरकाचा माणूस शेगडी, रबरी नळी व रेग्युलेटर पाहावयास घरी येतो. त्याने चार पावले पुढे जाऊन न्हाणीघरात डोकावावे, असे तेल कंपन्यांनी ठरविले तर फार मोठा खर्च येणार नाही. वसतिगृहांच्या बाबतीत महाविद्यालयांना काणाडोळा करण्यास जागाच नाही.

अडचण खरी आहे ती कारागिरांची. दुरुस्तीस येणारा माणूस कोठे शिकला, कोणी त्याची परीक्षा घेतली, हे विचारण्याची सोय आज ग्राहकाला नाही. झडपेला बूच मारणारा आणि झडप बदलणारा यांची मजुरी सारखीच असते; किंबहुना बूच मारणारा स्वस्त पडतो, म्हणून पुढच्या वेळीही तोच बोलावला जातो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून विजेचे काम आणि नळकाम हे दोन्ही व्यवसाय शिकविले जातात. गीझर या दोहोंच्या सीमेवर पडतो आणि गॅसचा असेल तर तिसऱ्याच विद्येच्या. काही महिन्यांचा जोड अभ्यासक्रम आणि उत्तीर्ण झालेल्यांची जिल्हावार प्रसिद्ध यादी, एवढे राज्य शासनाला अशक्य नाही. होतकरू मुलांना त्यातून कामही मिळेल.

तोवर निदान भाडेकराराचा कागद तरी हाताशी आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने हा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले आहे. त्याच्या शेवटी मालकाने दिलेल्या वस्तूंची यादी जोडण्याची पद्धत आहे. पंखे तीन, ट्यूब चार, कपाट एक आणि 'गीझर : १ नग'. घर सोडताना नग मोजून परत घेतले जातात. यादीचा तेवढाच उपयोग. या शेवटच्या ओळीपुढे गीझर बसविल्याचे वर्ष, अलीकडच्या तपासणीचा दिनांक आणि पुढील तपासणीचा खर्च कोणाकडे, हे तीन तपशील लिहून घेण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. जूनमध्ये नवे करार होतात, तेव्हा सही करण्यापूर्वी भाडेकरूने ते मागावेत. मालक ते देण्यास कां-कूं करू लागला, तर न्हाणीघराची खिडकी उघडते की नाही, हे त्याच भेटीत पाहून घ्यावे.